एकटीपुरती भाकर

माय,

तुला वाचता येत नव्हतं, म्हणून तू होतीस तोवर मी तुला एकही पत्र लिहिलं नाही. नांदेडला नर्सिंगला होते तेव्हा रविवारी दुपारी वसतिगृहातल्या सगळ्या मुली घरी पत्रं लिहीत बसायच्या आणि मी कपडे धुवायला घ्यायची. कुणी विचारलंच तर म्हणायची, आमच्या मायला काय लिहायचं, पुढच्या आठवड्यात जाऊन तोंडानंच सांगीन. आता तुला जाऊन बारा वर्षं झाली. तोंडानं सांगायची सोय राहिली नाही, म्हणून लिहायला बसले आहे. सकाळची पाळी करून आत्ताच खोलीवर आले. बाहेर मस्कतचं ऊन आहे, खिडकीच्या काचेला हात लावला तर चटका बसतो, खाली रस्त्यावर माणूस नाही. काल तुझ्या नातीचा फोन आला होता. ती जे बोलली ते तुझ्यापाशी बोलल्याशिवाय मला दुसरं काही सुचत नाही.

मी निघाले तेव्हा ती नऊ वर्षांची होती. तिचे वडील काविळीनं जाऊन पाच वर्षं झाली होती, आणि त्या पाच वर्षांत मी तुझं घर आणि हिंगोलीच्या दवाखान्यातली नोकरी यांच्यामध्ये एसटीनं येत-जात होते. दवाखान्यातल्या एका सिस्टरचा भाऊ मस्कतला होता, त्याच्या ओळखीनं माझं काम झालं. मी सगळ्या गावाला सांगितलं, लेकराच्या शिक्षणासाठी जाते. ते खोटं नव्हतं. पण तू चुलीपुढं बसली होतीस, हात हळदीनं पिवळे होते, त्या दिवसांत आपल्याकडं हळद शिजवणं चालू होतं. माझ्याकडं न बघता तू विचारलंस, "लेकरासाठी चाललीस का लेकरापासून चाललीस?" मी ताट तसंच ठेवून उठले. अंगणात जाऊन उभी राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, "तुला काय कळतंय माय, तू कदी गाव सोडलंस?" आतून परातीत दुसरी भाकर थापल्याचा आवाज तेवढा आला.

दोन दिवसांनी मंगळवारच्या कळमनुरीच्या बाजारातून तू तवा घेऊन आलीस. आपल्या घरच्या तव्याच्या निम्मा. मी म्हणाले, एवढुसा काहून आणलास? तू म्हणालीस, "एकल्या बाईला कितीक भाकरी लागत्यात? मोठा तवा तापवून काय करशील." तो तवा आणि ज्वारीच्या पिठाची पिशवी मी बॅगेत सगळ्यात खाली ठेवली. निघायच्या सकाळी पोरगी शेळ्यांच्या वाड्यात जाऊन बसली आणि काही केल्या बाहेर येईना. डोंगरकड्याच्या फाट्यावर जीप थांबली होती, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मी वाड्याच्या दाराशी जाऊन तिला हाक मारली तर ती एका शेळीच्या पाटीचे कान धरून तिच्याशीच बोलत होती. तू माझा हात धरून मला मागं ओढलंस. "जा तू. आता हात लावशील तर न तू जाशील न ती राहील." मी गेले. जीपमध्ये बसल्यावर दोन्ही बाजूंनी केळीच्या बागा मागं जायला लागल्या आणि मला काहीच वाटेना. तेव्हा मी त्याला धक्का म्हटलं. आज मला तसं म्हणवत नाही.

पहिली दोन वर्षं मी कशी काढली हे तुला फोनवर अर्धंमुर्धं कळतच होतं. आम्हा तिघी नर्सना मिळून एक खोली होती. बाकीच्या दोघी केरळच्या. वाईट नव्हत्या, पण ड्यूटीवरून आल्या की आपल्या भाषेत बोलत, हसत, आणि मी भिंतीकडं तोंड करून पडायची. शेंडा कुठला, बुडखा कुठला, काही कळायचं नाही. कधी त्या हसल्या की वाटायचं मलाच हसतात. उन्हाळ्यात इथं खिडकी उघडत नाहीत, दिवसभर एसीची घरघर, आणि मला आपल्या अंगणातल्या बाजेवर पडावंसं वाटायचं. शुक्रवारी फोनचं कार्ड घेऊन मी तुला फोन लावायची आणि तुझा आवाज ऐकला की रडायला लागायची. धाकट्या भावाचा मोबाईल तू कानापासून चार बोटं लांब धरायचीस, त्यामुळं ओरडून बोलायचीस. "रडू नको! मिनटं जायली फुकट! काय रांधलंस ते सांग!" मी म्हणायची, काही नाही माय, कॅन्टिनमध्ये खाल्लं. मग मी विचारायची, पोरगी कुठंय? तू म्हणायचीस, इथंच हाये, येऊन नाही राहिली. मागून तिचा आवाज ऐकू यायचा. ती तुला माय म्हणायला लागली होती. मला मम्मी.

तिसऱ्या वर्षी केरळच्या दोघी नोकरी सोडून गेल्या, दवाखान्यानं ती जागा खाली केली, आणि मला रुवी भागातल्या एका जुन्या इमारतीत एकटीला खोली मिळाली. हीच, जिथं बसून लिहिते आहे. एक खोली, कोपऱ्यात ओटा, मोरी. माय, तोवर मी आयुष्यात कधीही एकटी झोपले नव्हते. लहानपणी तू, मी, भाऊ एका वाकळेत. मग वसतिगृहात सहा जणी. मग सासर. मग तुझं घर आणि कुशीत पोरगी. पहिल्या दिवशी मी दाराची कडी तीनदा तपासली. बोलायला कुणी नाही म्हणून रेडिओ लावला, त्यावर अरबी बातम्या, त्याच ऐकत बसले. भात लावला तर चौघांना पुरेल एवढा झाला, कारण आपल्या घरात कधी एकटीपुरता भात कुणी लावलाच नव्हता. मला त्याचं मापच माहीत नव्हतं. तीन दिवस तोच भात खाल्ला आणि उरलेला टाकताना ओट्याशी उभी राहून रडले.

त्या रडण्याचा आवाज खाली गेला असावा. खाली शिवणकामाचं दुकान होतं, हैदराबादच्या एका बाईचं. वयानं माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी असेल. ती वर आली, दार वाजवलं, आणि उंबऱ्यातच उभी राहून म्हणाली, "काय कू रोरै? कोई मर गया क्या?" माय, ती बोली ऐकून मला हिंगोलीच्या बाजारातली बांगडीवाल्यांची ओळ आठवली. बराबर तसंच बोलणं. मी नाही म्हणून मान हलवली. ती म्हणाली, "फिर तकलीफ क्या है?" मी म्हणाले, भात जास्त झाला. ती माझ्याकडं बघत राहिली आणि मग माझ्या खोलीत येऊन, ओट्यावरचा डबा उघडून, तिनं मला वाटीनं दाखवलं, एकटीला एवढा, बस. "पयले साल सब को ऐसाइच होता. बाद में अच्छा लगने लगता, फिर डर लगता के अच्छा कायकू लगरा." मला तेव्हा तिचं शेवटचं वाक्य कळलं नाही.

तुला एक गोष्ट आठवते का? मी दहा-अकराची असेन. तू मला शेळ्या घेऊन माळावर पाठवलं होतंस आणि मी बोरीच्या सावलीला बसून राहिले. नुसती बसून. दोन शेळ्या शेजारच्या हरभऱ्यात शिरल्या, त्यांनी एक पट्टा पार खाल्ला, मालक बोंबलत तुझ्याकडं आला. तू माळावर आलीस तेव्हाही मी तशीच बसले होते. तू विचारलंस, "काय करून राहिलीस इथं?" मी म्हणाले, काही न्हाई. तू माझ्या पाठीत धपाटा घातलास. शेळ्यांबद्दल एक शब्द नाही. म्हणालीस, "बाईच्या जातीनं असं एकलं बसू न्हाई. सवय लागती." मला वाटलं होतं तू हरभऱ्यासाठी मारलंस. फार वर्षांनी, या खोलीत, मला कळलं की तू खरंच त्या बसण्यासाठी मारलं होतंस.

कारण मला सवय लागली. कधी लागली ते सांगता येणार नाही. एका शुक्रवारी मी उठले, चहा केला, तुझ्या त्या लहान तव्यावर एक भाकर टाकली, ती फुगली, आणि माझ्या लक्षात आलं की मी गुणगुणते आहे. मी एकदम गप्प झाले, जसं कुणी पकडलं. मग मी खिडकीला पडदे आणले, निळे. संध्याकाळी बसनं मुत्रहला जाऊन समुद्राच्या कडेच्या दगडी कठड्यावर बसायला लागले. तिथं मला कुणी ओळखत नव्हतं. कुणाची सून नाही, कुणाची विधवा नाही, सिस्टरसुद्धा नाही. घरी आलं की जशी वस्तू ठेवली तशी जागेवर. कुणी विचारत नाही, एवढा वेळ कुठं होतीस. पस्तिशी ओलांडल्यावर मला पहिल्यांदा गाढ झोप लागायला लागली. आणि भिंतीवर पोरीचा फोटो होता, दोन वेण्या घातलेला, तो मी रोज पुसायची. दोन्ही खरं होतं, माय. तुला हे ऐकून बरं वाटणार नाही, पण दोन्ही खरं होतं.

पाचव्या वर्षी भावाचा फोन आला. "मायची तब्येत बराबर न्हाई. पाय सुजलेत, दोन पावलं चाललं की धाप लागायली." मी विचारलं, रात्री आडवी झोपती का? तो म्हणाला, न्हाई, भिंतीला टेकून बसती. मी नर्स आहे, माय. मला पुढचं विचारायची गरज नव्हती. मी त्याला सांगितलं, उद्याच्या उद्या नांदेडला ने. त्यानं नेलं. गोळ्या मिळाल्या. मग तू फोनवर आलीस, आणि आता फोन तू कानाला अगदी चिकटवून धरला होतास, कारण ओरडायला दम नव्हता. तू विचारलंस, "कदी येतीस?" पाच वर्षांत तू ते एकदाच विचारलंस. मी म्हणाले, "रजा मिळून नाही राहिली माय. स्टाफ कमी आहे." "बरं. मिळल तवा ये." मग तुझा नेहमीचा प्रश्न, काय रांधलंस. मी सांगितलं, मेथी आणली होती, मुगाची डाळ घालून केली, एक भाकर. तू म्हणालीस, चांगलं केलंस.

त्या फोननंतर तेविसाव्या दिवशी तू गेलीस. मी पोचले तेव्हा तुझी राख सावडून झाली होती. हैदराबादहून नांदेड, नांदेडहून डोंगरकडा, सगळा प्रवास मी कोरड्या डोळ्यांनी केला. घरात बायका बसल्या होत्या. मला बघून त्यांनी गळा काढला, मीही काढला. पोरगी तेव्हा चौदाची. ती शेळ्यांना पाणी पाजत होती. तिनं माझ्याकडं बघितलं, बादली खाली ठेवली, माझ्या हातातली बॅग घेतली आणि म्हणाली, "चहा घेतीस का मम्मी?" पाहुण्याला विचारतात तसं. तेरावं झालं, महिना झाला, आणि मी परत आले. भाऊ म्हणाला, पोरीची काळजी करू नको, मामा-मामी आहेत. भावजयीनं तिला खरोखर पोटच्या पोरीसारखं वाढवलं, शिकवलं, लग्न लावलं. लग्नात मी पंधरा दिवस होते.

आता ती सव्वीस वर्षांची आहे. हिंगोलीत शाळेत शिकवते. आठवा महिना चालू आहे. पहिलं बाळंतपण माहेरी करतात, आणि तिचं माहेर म्हणजे मामाचं घर. काल तिनं फोन केला, इकडचं तिकडचं बोलली, आणि मग अगदी सहज म्हणाली, "मम्मी, तू येणार का? का याही वेळी रजा मिळणार न्हाई?" त्या 'याही'वर मी अडकले. ती तसं बोलायला बोलली होती, पुढं डॉक्टरांचं काहीतरी सांगायलाही लागली. मीच तिला थांबवलं. मी म्हणाले, "ऐक. माय आजारी होती तेव्हा मी रजा मागितलीच नव्हती. अर्ज केलाच नव्हता. मायला खोटं सांगितलं मी."

ती म्हणाली, "माहीत आहे."

"तुला कुणी सांगितलं?"

"मायनं. त्याच दिवशी. फोन ठेवला आणि मला म्हणाली, तुझ्या मम्मीनं रजा मागितली न्हाई. मी म्हटलं, कशावरून? तर म्हणाली, पयले फोनवर रडायची, तवा उपाशी राहायची. आता एकलीसाठी भाजी निवडून, डाळ घालून रांधून खायली. तिला तिथं करमून राहिलं. करमू दे."

तुझ्या नातीनं श्वास घेतलेला मला ऐकू आला.

"मम्मी, मायनं तुला करमू दिलं. मी चौदाची होते. मला न्हाई द्यायचं होतं. मला वाटायचं, तुला तिथं एक दिवस करमू नये. अजूनही कधी कधी वाटतं." तिचा आवाज चढला नव्हता. शाळेत पोरांना समजावून सांगते तशी बोलत होती. "ये. मामी सगळं करणार आहे, तुला काही करावं लागणार न्हाई. पर ये."

माय, तुला काय वाटलं असेल, हे ऐकून मला हलकं वाटलं? मला तुझा राग आला. बारा वर्षं मी समजत होते की तू फसलीस. फसवल्याचं पाप मी रोज बाळगलं, त्याची मला सवय होती, ते माझं होतं. आणि तू तर सगळं ओळखून भिंतीला टेकून बसली होतीस, धाप लागलेली, आणि म्हणत होतीस करमू दे. मी नुसती एकटी बसले म्हणून पाठीत धपाटा घालणारी तू. त्या दिवशी फोनवर एकदा ओरडायचं होतंस. "खोटं बोलू नको, ये" एवढंच. मी आले असते. आले असते असं मला वाटतं. पण तू त्या पोरीला, जिची आई नव्हती आणि जिची माय चालली होती, तिला हे सांगून गेलीस, आणि तिनं ते एकटीनं बारा वर्षं ठेवलं. मी तुला विचारायला हवं ना, तिला काहून सांगितलंस? की दुसरं कुणी जवळच नव्हतं?

आज सकाळी पाळी सुरू व्हायच्या आधी मी मेट्रनकडं गेले. तीस दिवसांच्या रजेचा अर्ज घेऊन उभी राहिले. ती कुणाशी तरी फोनवर बोलत होती. बोलता बोलताच तिनं अर्ज ओढला, वाचला, सही केली, शिक्का मारला आणि माझ्याकडं सरकवला. मला वाटतं एक मिनिट लागलं असेल, कदाचित तेवढंही नाही. ती तेव्हाची मेट्रन नाही, तेव्हाची कधीच गेली. पण अर्ज तोच आहे, तसाच, एका पानाचा.

बाहेर आले तर ती मागून हाक मारत आली. म्हणाली, सिस्टर, तुमची रजा खूप साठली आहे, नव्वद दिवस घेता येतील, नातवंड होणार आहे ना, तारीख बदलून आणा, मी परत सही करते. मी तिथंच भिंतीला टेकून कागद बघितला. तिकडं लेकीला कळ सुरू होईल, भावजय पाणी तापवेल, अंगणात बायका बसतील, मला हाका मारतील, कुणीतरी सारखं माझ्या आसपास असेल. मी मेट्रनला थँक्यू म्हणाले.

हे पत्र मी कुठं टाकणार नाही. लेकीला तर नाहीच दाखवणार. तिला मी मघाशी फोन करून सांगितलं, रजा मिळाली, तीस दिवसांची. ती म्हणाली, एवढीच दिली का? मी म्हणाले, व्हय, एवढीच दिली.